विंचू नव्हे, विंचुका

प्रश्न : डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. आम्ही बडोद्यात कारेलीबागेत राहतो. माझे यजमान ६१ वर्षांचे आहेत, विजेच्या टॉवरलाइनचे इंजिनिअर. १९९४ ते १९९९ ही वर्षं ते बोलिव्हियात कोचाबांबाच्या बाजूला लाइनच्या कामावर होते. १९९५ साली मीही तिकडे गेले. १९९७ मध्ये आमची मुलगी तिथेच झाली.

दर नवरात्रात ते पावागडला जातात, आणि रोपवे असला तरी पायीच चढतात. मागच्या नवरात्रात माचीच्या पुढे दोनदा बसले. दम लागला म्हणाले. दिवाळीत न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. ईसीजीत 'उजव्या बाजूचा ब्लॉक' निघाला, एकोमध्ये हृदयाचं पंपिंग ३८ टक्के. अँजिओग्राफी केली तर नळ्या अगदी स्वच्छ. साखर नाही, बीपी नाही, दारू-तंबाखू तर कधीच नाही. डॉक्टर म्हणाले, स्नायू कमकुवत झालाय, कारण सापडत नाही, कधीतरी व्हायरल झालं असेल. पेसमेकर सुचवलाय.

आता भाच्यानं एक मेसेज पाठवला, की दक्षिण अमेरिकेत एक किडा चावल्यामुळे पुढे हृदय बिघडतं. मला आठवलं, हे कामावर असताना खेड्यातल्या मातीच्या घरांत राहायचे आणि रात्री छपरातून विंचू पडायचे, असं मुलीला गोष्टीसारखं सांगायचे. विंचवाच्या विषानं तीस वर्षांनी असं होतं का? हे दर गणपतीत सोसायटीच्या शिबिरात रक्तदान करतात, त्याचं काय? मुलीचं लग्न होऊन वर्ष झालंय, पुण्याला असते. तिच्या काळजीनं मला झोप येत नाही.

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. विंचवाचं विष हृदयावर परिणाम करतं, आणि भयंकर करतं, पण ते काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत. आपल्या कोकणातल्या लाल विंचवानं किती माणसं मारली आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही साधी गोळी वापरून त्यातल्या किती जणांना परत आणलं, ते आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलंय. मात्र त्या दंशातून वाचलेल्या माणसाचं हृदय तीस वर्षांनी खंगत जात नाही. त्यामुळे तुमच्या पत्रातला विंचू मला पटेना. म्हणून मी तुम्हाला उलट टपाली एकच गोष्ट विचारली होती : साहेबांना विचारा, त्या विंचवाला नांगी होती का?

तुमचं उत्तर इथे वाचकांसाठी देते. तुम्ही लिहिलंत, "नांगी नव्हती म्हणतात. झुरळापेक्षा मोठा, चपटा, काळपट, अंगाच्या कडेला पिवळसर पट्टे. तिथले मजूर त्याला 'विंचुका' म्हणायचे. मुलीला सांगता सांगता घरात त्याचा विंचू झाला."

ताई, विंचुका हे त्या किड्याचं खरंच नाव आहे. क्वेचुआ या तिथल्या मूळ भाषेतून आलेला शब्द. हा रक्त पिणारा ढेकणाच्या जातकुळीतला कीटक, पण आकारानं कितीतरी मोठा, दोन-अडीच सेंटीमीटर. मातीच्या भिंतीच्या भेगांत आणि गवती छपरात दिवसभर दडून राहतो आणि रात्री झोपलेल्या माणसाच्या उघड्या अंगावर उतरतो. बहुतेकदा चेहऱ्यावर. ब्राझीलमध्ये त्याला 'बार्बेइरो' म्हणतात, म्हणजे न्हावी. चावा दुखत नाही, माणूस जागाही होत नाही. रक्त पिता पिता हा किडा तिथेच विष्ठा टाकतो. खाज सुटली की झोपेत आपण ती खाजवून जखमेत किंवा डोळ्यात चोळतो. त्या विष्ठेत ट्रिपॅनोसोमा क्रुझी नावाचा एकपेशीय परजीवी असतो. त्याच्यामुळे होणारा आजार तो चागास.

आता तुमचा मुख्य प्रश्न : तुमच्या यजमानांना हेच झालंय का? पत्रावरून मी हो म्हणू शकत नाही. पण हे तपासलंच पाहिजे, एवढं मी ठामपणे सांगते. कोचाबांबाचं खोरं हा जगातला या आजाराच्या सगळ्यात दाट वस्तीचा भाग. मातीच्या घरांत मुक्काम. छपरातून पडणारे विंचुका. त्यानंतर वीस-तीस वर्षांची शांतता, मग चक्कर, उजव्या बाजूचा ब्लॉक, कमी झालेलं पंपिंग आणि स्वच्छ नळ्या. चागासच्या हृदयाचं वर्णन मला कुणी लिहायला सांगितलं असतं, तर मी जवळजवळ याच शब्दांत लिहिलं असतं.

एवढी वर्षं गप्प बसून मग हृदय कसं बिघडतं, हे तुम्हाला समजायला हवं, कारण तुमच्या डॉक्टरांना हे तुम्हीच सांगणार आहात. संसर्ग झाल्यावर पहिले एक-दोन महिने परजीवी रक्तात भरपूर असतात. तेव्हा थोडा ताप येतो, कधी एका डोळ्याची पापणी सुजते, पुष्कळांना काहीच होत नाही. परमुलखात, कामाच्या धावपळीत, दोन दिवसांचा ताप कोण लक्षात ठेवतो? पुढे ते रक्तातून जवळजवळ नाहीसे होतात आणि स्नायूंच्या पेशींत जाऊन बसतात. हृदयाचा स्नायू त्यांना विशेष मानवतो. पेशी फुटते, बाहेर पडलेले परजीवी शेजारच्या पेशीत शिरतात, शरीर त्यांच्याशी लढत राहतं आणि त्या लढाईत स्नायूच्या जागी थोडा थोडा निबर तंतू तयार होतो. घरातल्या वायरिंगसारखी हृदयातही वीज वाहून नेणारी तंतूंची व्यवस्था असते. हा निबरपणा तिच्यावर आला की 'ब्लॉक' होतो, ठोके मंदावतात, माणूस चक्कर येऊन पडतो. डाव्या कप्प्याच्या टोकाशी भिंत पातळ होऊन फुगा येतो, त्यात रक्ताची गुठळी जमते, आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. संसर्ग झालेल्या सगळ्यांना हे होत नाही. साधारण तीन-चार जणांतल्या एकाचं हृदय बिघडतं, बाकीचे तो परजीवी बाळगून आयुष्य काढतात.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. खूप वर्षं मी ती कुणाला सांगितली नाही.

२००४ साली माझ्याकडे मांडवीजवळच्या एका मराठी घरातले गृहस्थ आले. पन्नाशीचे, सडपातळ, शांत. ईसीजीत उजव्या बाजूचा ब्लॉक आणि त्याला जोडून डाव्या बाजूच्या पुढच्या फांदीचाही. एकोत टोकाशी फुगा. नळ्या स्वच्छ. मी निदान लिहिलं : जुना हार्ट अटॅक, नळी आपोआप मोकळी झाली. औषधं दिली. चार महिन्यांनी ते झोपेतच गेले. भेटायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नीनं जुना अल्बम काढला. तरुणपणी सात वर्षं ते ब्राझीलमध्ये लोखंडाच्या खाणीवर होते, हे मला त्या दिवशी, त्या अल्बमसमोर बसल्यावर कळलं. मीनास जेराईस प्रांत. मातीच्या घरासमोर उभे आहेत, हातात चहाचा कप. माझ्या केसपेपरवर तंबाखू, दारू, मधुमेह, घरात कुणाला हृदयविकार, सगळ्याच्या चौकटी होत्या. 'कुठे कुठे राहिलात' ही चौकट नव्हती आणि मला विचारायचं सुचलंही नाही. त्यांना चागासच होता असं मी म्हणू शकत नाही, कारण तपासणी झालीच नाही. पण त्यांना यंत्र बसवायला हवं होतं, आणि ते मी केलं नाही. दुसऱ्या दिवशी मी केसपेपरचा नमुना बदलून घेतला. निवृत्त होईपर्यंत प्रत्येक रुग्णाला तो प्रश्न विचारला. बडोद्याची किती माणसं कुठल्या कुठल्या देशांत टॉवर, ट्रान्स्फॉर्मर, रंग, औषधं घेऊन राहून आली आहेत, हे मला तेव्हा समजलं.

म्हणून ताई, तुमचं पत्र माझ्या इतकं जिव्हारी लागलं.

आता काय करायचं ते सांगते. पेसमेकरची तारीख या तपासणीसाठी पुढे ढकलू नका. चक्कर येऊन पडलेला माणूस आहे, यंत्राला थांबायला सांगता येणार नाही. पण तारखेआधी डॉक्टरांना भेटून दोन गोष्टी विचारा. चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे हृदयाचे ठोके दिवसभर नोंदवणारं छोटं यंत्र, लावलाय का? या आजारात ठोके मंद होतात तसे एकाएकी भरधावही सुटतात आणि जीव बहुधा त्या भरधाव ठोक्यांनी जातो. तसं काही दिसलं, तर नुसत्या पेसमेकरऐवजी गरज पडल्यास आतून झटका देणारं यंत्र बसवायचं का, हे बसवण्याआधीच ठरवायला लागेल. दुसरं, एको करताना डाव्या कप्प्याचं टोक नीट पाहिलंय का, तिथे फुगा किंवा गुठळी आहे का. गुठळी असेल तर रक्त पातळ करणारं औषध लागतं. शिवाय साहेबांना विचारा, जेवताना घास अडकतो का, आणि बद्धकोष्ठता आहे का. हा परजीवी काही जणांच्या अन्ननलिकेच्या आणि मोठ्या आतड्याच्या नसा मारतो. बायका नवऱ्याच्या या तक्रारी वयावर घालतात.

तपासणी रक्ताची आहे, पण परजीवी शोधण्याची नाही. तीस वर्षांनी काचेवर थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर बहुधा काही दिसणार नाही, आणि 'निगेटिव्ह' रिपोर्ट घेऊन तुम्ही निश्चिंत व्हाल. तशी निश्चिंती नको. शोधायची असतात ती या परजीवीविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं, आणि तीही दोन वेगवेगळ्या पद्धतींच्या चाचण्यांनी. दोन्ही पॉझिटिव्ह आल्या तरच आजार धरायचा. कारण एकच चाचणी फसवते. काळा आजार होऊन गेलेल्या माणसातही ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, हे दोन्ही परजीवी नात्यातले. कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये ही तपासणी मिळणार नाही. मेडिकल कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात किंवा संसर्गजन्य रोगांच्या डॉक्टरांकडे जा, आणि चिठ्ठीवर 'बोलिव्हिया, १९९४ ते १९९९, मातीचं घर' एवढं तरी नक्की लिहून घ्या. नमुना योग्य ठिकाणी पाठवण्याची सोय ते करतील. आणि हो, याच वेळी सारकॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार) आणि क्षयाचाही विचार करायला सांगा. आपल्या देशात पन्नाशी-साठीत ब्लॉक आणि कमकुवत स्नायू एकत्र दिसले की त्यामागे हे दोघेही असू शकतात आणि त्यांचा उपचार अगदी वेगळा आहे. बोलिव्हियाच्या नादात घरचा चोर सुटायला नको.

निदान झालं तर पुढे काय? इथे मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. परजीवी मारणारी दोन औषधं आहेत, बेन्झनिडाझोल आणि निफर्टिमॉक्स. बेन्झनिडाझोल साठ दिवस घ्यावं लागतं, त्यानं अंगावर पुरळ उठतं, हातापायांना मुंग्या येतात. संसर्ग ताजा असताना किंवा तान्ह्या बाळात ही औषधं जवळजवळ हमखास आजार बरा करतात. पण हृदय एकदा बिघडल्यावर? २०१५ साली ब्राझील, अर्जेंटिना, कोलंबिया, बोलिव्हिया आणि एल साल्वादोर या पाच देशांतल्या २८५४ रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष आला. सगळ्यांची हृदयं आधीच बिघडलेली होती. बेन्झनिडाझोलनं रक्तातला परजीवी कमी झाला, पण पाचेक वर्षांच्या पाठपुराव्यात हृदयाचा बिघाड थांबला नाही. औषध घेणारे आणि न घेणारे जवळपास सारख्याच संख्येनं आजारी पडले. म्हणून साहेबांच्या बाबतीत भर राहील तो यंत्रावर आणि हृदयाला आराम देणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांवर. त्या गोळ्या खरंच काम करतात. मिठावर हात आवरा, रोज सकाळी वजन करा, दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना फोन करा. पावागडला यंदा रोपवेनं जा.

रक्तदानाबद्दल : साहेबांनी आता रक्त देऊ नये, आणि तुमचा रिपोर्ट येईपर्यंत तुम्हीही देऊ नका. आपल्याकडे दिलेल्या रक्ताची एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी बंधनकारक आहे. चागास त्या यादीत नाही, कारण तो इथला आजारच नाही. अमेरिकेत मात्र दक्षिणेकडून आलेल्या लोकांची संख्या पाहून २००७ पासून रक्तपेढ्या ही तपासणी करू लागल्या. साहेबांचे रिपोर्ट पॉझिटिव्ह आले तर त्यांनी जिथे जिथे रक्त दिलं त्या पेढीला लेखी कळवा. लाज वाटायचं काही कारण नाही. त्यांनी चांगल्या मनानं दिलं. पेढीकडे नोंदी असतात, कुणाला दिलं ते शोधून त्यांचीही तपासणी करता येते.

आणि आता तुमच्या मुलीबद्दल. मला वाटतं, पत्र खरं तिच्यासाठीच लिहिलंय तुम्ही. हा आजार एका ताटात जेवून, मिठीत घेऊन, एकत्र राहून होत नाही. पण आईच्या पोटात असताना बाळाला होतो. संसर्ग असलेल्या आईच्या शंभर बाळांपैकी साधारण पाचेकांना. म्हणून साहेबांइतकीच तपासणी तुमचीही व्हायला हवी. तुम्ही तिथे चार वर्षं राहिलात, कदाचित त्यांच्याबरोबर साइटवरही गेला असाल. तुमची निगेटिव्ह आली, तर मुलीला हा संसर्ग पोटातून मिळालेला नाही. तरी लहानपणी ती तिथे राहिलीय, म्हणून तिचीही करा. हे मूल होण्याआधी केलंत तर सगळ्यात चांगलं. कारण पॉझिटिव्ह आली तर गर्भ राहण्यापूर्वीच उपचार घेता येतो, आणि तसा घेतलेल्या बाईच्या पुढच्या बाळाला संसर्ग होण्याचा धोका फार कमी होतो. गरोदरपणात ही औषधं देत नाहीत. तिला फोनवर घाबरवू नका. समोर बसवून सांगा, किंवा हे पान वाचायला द्या.

तुम्हाला झोप लागावी म्हणून एका बाईची गोष्ट. १९०७ च्या सुमारास ब्राझीलच्या मीनास जेराईस प्रांतात रेल्वेचं काम चालू होतं आणि मजूर मलेरियानं पडत होते. कार्लोस चागास नावाचा तरुण डॉक्टर तिथल्या लासान्स गावी पाठवला गेला. रेल्वेचाच एक डबा त्याची प्रयोगशाळा आणि तोच मुक्काम. एका इंजिनिअरनं त्याला झोपड्यांतले हे किडे दाखवले. चागासनं किड्याच्या आतड्यात एक वळवळणारा परजीवी पाहिला आणि किडे रिओला आपले गुरू ओस्वाल्दो क्रुझ यांच्याकडे धाडले. तिथे माकडांना संसर्ग झाला. परजीवीला गुरूंचं नाव मिळालं. मग चागासनं उलटा शोध सुरू केला, की हा माणसात कुठला आजार करतो? एप्रिल १९०९ मध्ये बेरेनिसे नावाच्या दोन वर्षांच्या तापलेल्या मुलीच्या रक्तात त्याला तो सापडला. आधी किडा, मग परजीवी, मग आजार, असा क्रम वैद्यकात फार क्वचित लागलाय. ती मुलगी जगली. पुढे उतारवयात डॉक्टरांनी तिला पुन्हा शोधून काढलं, तेव्हाही परजीवी तिच्या अंगात होते, आणि हृदय शाबूत होतं. सत्तरी ओलांडून ती गेली. त्या काळात तिच्यासाठी कुठलंच औषध नव्हतं. तुमच्या मुलीसाठी आहे.

तिघांचे रिपोर्ट आले की मला नक्की कळवा.

प्रश्न : मी मूळचा धुळ्याचा, शिकायला बडोद्यात आलोय, फतेगंजला भाड्याच्या खोलीत राहतो. खोलीत ढेकूण झालेत. ढेकणांमुळे हृदयाचा आजार होतो असा व्हिडिओ पाहिला. शिवाय गावी आमच्या बैलाला सर्रा झाला होता, आणि पशुवैद्य म्हणाले होते की हा चागासच्या जातीचाच परजीवी. मी बैलाची सेवा केली होती. मला धोका आहे का?

उत्तर : नाही बाळा. तुझ्या गादीतल्या ढेकणांमुळे खाज येईल, झोप जाईल, पण हृदयाचा आजार होणार नाही. व्हिडिओतला किडा वेगळा. विंचुकाच्या कुळातला एक किडा आपल्याकडेही असतो, उंदरांच्या बिळांजवळ, जुन्या घरांत, आणि कधी माणसालाही चावतो. पण आपल्या देशात चागासचा परजीवी त्याच्यात नाही. गादी आणि खाट भर उन्हात टाक, कपडे गरम पाण्यातून काढ, घरमालकाला सगळ्या खोल्यांत एकदम औषध मारायला सांग. एका खोलीत मारलं की ढेकूण शेजारी जातात आणि आठवड्यानं परत येतात.

पशुवैद्यांनी बरोबर सांगितलं. सर्रा करणारा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा चागासच्या परजीवीचा चुलतभाऊ. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यानं डेरा इस्माईल खानात आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात तो पाहिला. गोमाशांसारख्या चावऱ्या माशा तो पसरवतात. माणसाच्या रक्तात एक प्रथिन असतं, ते या परजीवीला मारून टाकतं, म्हणून पिढ्यानपिढ्या सर्ऱ्याची जनावरं सांभाळणाऱ्यांना काही झालं नाही. अपवाद एक सांगते, आणि तोही आपल्याच महाराष्ट्रातला. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हा परजीवी सापडला. राहून राहून ताप येत होता. पुढे कळलं की त्याच्या शरीरात जन्मतःच ते प्रथिन बनत नव्हतं. सुरामिन या औषधानं तो बरा झाला. त्याचं हृदय त्यात बिघडलं नव्हतं. तुला ताप नाही, काही नाही. बैलाची सेवा केलीस ते चांगलं केलंस. फक्त आजारी जनावराचं रक्त हाताळताना हातावर जखम असली तर झाकत जा.

प्रश्न : माझ्या दिराच्या (वय ३४) हृदयाच्या स्नायूत पाण्याची गाठ निघाली. डॉक्टर हायडॅटिड म्हणतात, जंतांपासून होते म्हणतात. आम्ही रावपुऱ्यातले, घरात अंडंसुद्धा येत नाही. मग जंत कुठून आले? सासूबाई म्हणतात, हा बाहेर काहीतरी खात असणार. घरात रोज वाद होतोय. ऑपरेशनऐवजी सुईनं पाणी काढलं तर चालणार नाही का?

उत्तर : वहिनी, आधी सासूबाईंना हे वाचून दाखवा. तुमच्या दिरानं मांस खाल्लं म्हणून हे झालेलं नाही. मांस खाऊन माणसाला ही गाठ होतच नाही. हा जंत राहतो कुत्र्याच्या आतड्यात. मेंढी-बकरीच्या काळजात, फुप्फुसात ही गाठ असते. ते अवयव कुत्र्यानं खाल्ले की त्याच्या पोटात जंत होतात, आणि कुत्र्याच्या विष्ठेतून त्यांची बारीक अंडी मातीत, गवतावर, भाजीवर, कुत्र्याच्या केसांवर पसरतात. न धुतलेल्या मेथीतून, कोथिंबिरीतून, कुत्र्याशी खेळून तसाच तोंडात घातलेल्या हातातून ती आपल्या पोटात जातात. सोवळ्यातल्या घरातही जातात. बहुतेक वेळा गाठ यकृतात होते, नाहीतर फुप्फुसात. हृदयात फार थोड्यांना, शंभरातल्या एक-दोघांना. आणि ती हळूहळू वर्षानुवर्षं वाढते, त्यामुळे अंडी त्यांच्या पोटात बहुधा लहानपणीच गेली असतील.

सुई लावू देऊ नका. हृदयातल्या गाठीला तर मुळीच नाही. आतलं पाणी बाहेर सांडलं तर शरीर एकदम बिथरतं, रक्तदाब कोसळतो, आणि त्यातले कण रक्तातून मेंदूपर्यंत जाऊन नव्या गाठी करू शकतात. गाठ आपणहून फुटण्याचा धोकाही हाच, म्हणून ऑपरेशन लांबवू नका. सर्जन आधी भोवती जंतनाशक द्रावणात भिजवलेल्या घड्या ठेवून, मग गाठ काढतात. आगेमागे अल्बेंडाझोल देतात, आणि त्या काळात यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. ऑपरेशनपूर्वी यकृत, फुप्फुस आणि मेंदूचं स्कॅनिंग झालंय ना, हे पाहा. एक गाठ सापडली की दुसरी असू शकते.

हा आजार दिरांपासून तुम्हाला होणार नाही, त्यांची ताटवाटी वेगळी करू नका. मात्र लहानपणी त्यांच्याबरोबर वाढलेल्या भावंडांनी पोटाची सोनोग्राफी एकदा करून घ्यावी. दारातल्या कुत्र्याला घालवूनही देऊ नका. त्याला पशुवैद्याकडे नेऊन प्राझिक्वांटेलचा डोस ठरवून घ्या आणि खाटकाच्या दुकानापाशी फिरू देऊ नका. पालेभाजी वाहत्या पाण्याखाली, पान पान सोडवून धुवा.